पूर्वजाचा पत्ता

‘पूर्वजाचे थडगे शोधायला निघालो’ हे वाक्य मराठीत लिहिले की ते दुसऱ्या कुठल्या तरी भाषेतून आल्यासारखे वाटते. आधुनिक मराठी गद्याला ज्या समाजगटांनी प्रारंभी आकार दिला, त्यांच्यात दहनाची रूढी होती हे त्याचे कारण असावे. अस्थी पाण्यात सोडल्या की मृताचा पार्थिव पत्ता संपतो. उरतात ती तिथी, फोटो आणि पिंड. श्राद्धविधीतही नावाने उच्चार होतो तो तीन पिढ्यांचा – पिता, पितामह, प्रपितामह. त्यापलीकडचे सगळे ‘पितर’ या अनेकवचनात विरघळून जातात. व्यक्तीला इतक्या लवकर समूहात मिसळून टाकणाऱ्या संस्कृतीत, सहाव्या पिढीतल्या एका विशिष्ट माणसाच्या दगडासमोर जाऊन उभे राहण्याची ओढ परकी वाटणे स्वाभाविक आहे.

पण ही सबंध मराठी समाजाची स्थिती आहे असे मानणे म्हणजे एका भागाला पूर्ण समजणे होय. लिंगायत, नाथपंथी, गोसावी, मुसलमान, ख्रिस्ती हे सारे मृताला मातीत ठेवणारे मराठी भाषक आहेत. अलिबागजवळच्या नवगावला बेने इस्राएल समाज आपल्या मूळ पूर्वजांचे दफनस्थान मानतो. फुटलेल्या गलबतातून किनाऱ्याला लागलेल्या प्रेतांना तिथे मूठमाती मिळाली, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. दहन करणाऱ्या घरांतही संन्याशाची समाधी असते आणि दात न आलेले मूल पुरले जाते. शिवाय गावोगावच्या देवळांबाहेर शेंदूर फासलेले किंवा निम्मे जमिनीत गेलेले वीरगळ आहेत. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. लढाई, अप्सरांबरोबरचे स्वर्गारोहण आणि शिवलिंगाची पूजा असे एकावर एक कोरलेले चौकोन आहेत. कोण मेला हे मात्र दगड सांगत नाही. तेव्हा मृताची खूण ठेवण्याची प्रथा आपल्याकडे होती. कमी होते ते खुणेजवळचे नाव.

नावे होती ती कागदावर. वतनाच्या तंट्यांतील करीने, महजर आणि वंशावळी, त्र्यंबक-नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या, आणि विसाव्या शतकात छापलेले कुलवृत्तांत ही आपली पूर्वजसंशोधनाची साधने. कुलवृत्तांत या प्रकाराकडे साहित्याच्या अभ्यासकांनी फारसे लक्ष दिलेले नाही. त्याचा आकृतिबंध ठरलेला आहे : गोत्र, कुलदैवत, मूळ गाव, मूळ पुरुष, मग घराण्यांच्या शाखा आणि प्रत्येक पुरुषापुढे चार ओळी. मुलगी लग्न झाले की या ग्रंथातून बाहेर पडते. सून आत येते ती बदललेल्या नावाने. घर सोडून गेलेला, जात सोडलेला, पलटणीत भरती होऊन परत न आलेला माणूस ‘निपुत्रिक’ किंवा ‘परागंदा’ अशा एका शब्दात मिटतो. हा दोष संपादकांच्या हेतूचा नाही, प्रकाराचा आहे. कुलवृत्तांत ही वंशाची गोष्ट आहे. ज्याच्यापाशी वंश थांबतो त्याच्यात तिला रस नसतो.

थडगे, समाधी किंवा स्मारकशिला यांचे महत्त्व इथे सुरू होते. दगडाला वंश पुढे चालला की नाही याच्याशी कर्तव्य नसते. तिथे एक माणूस असतो आणि त्याचे संपणे असते. म्हणूनच वंशावळीतून गळलेली माणसे पुष्कळदा दगडावर किंवा दगड सांभाळणाऱ्यांच्या दप्तरात सापडतात. मराठी मुलखापुरते याचे सर्वांत मोठे आणि सर्वांत दुर्लक्षित उदाहरण म्हणजे पहिल्या महायुद्धात समुद्रापार मेलेले शिपाई.

त्या युद्धात हिंदी सैन्यातले सुमारे ७४ हजार लोक मरण पावले. मराठा पलटणींचा मोठा वाटा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होता. सातारा, रत्नागिरी, कुलाबा, पुणे, कोल्हापूर या भागांतल्या कितीतरी घरांत ‘बसऱ्याला गेला’ एवढाच त्याचा इतिहास उरला. सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. ही डिव्हिजन बगदादच्या दिशेने पुढे गेली, मागे रेटली गेली आणि डिसेंबर १९१५पासून कूत-अल-अमारा इथे वेढ्यात अडकली. १४७ दिवसांच्या उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली तेव्हा सुमारे १३ हजार माणसे तुर्कांच्या कैदेत गेली. त्यांतले हजारो लोक वाळवंटातल्या पायपिटीत आणि कैदेत मेले. ती कुठे पडली, कोणी पुरली, की पुरलीच नाहीत, हे त्यांच्या घरी कधी कळले नाही.

पुढे ब्रिटिश सरकारने बऱ्याच गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या. या गावातून इतके पुरुष महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून गेलेले ४६ जण परतले नाहीत. त्या गावाला ‘अपशिंगे मिलिटरी’ हेच नाव पडले. या पाट्यांवर आकडा आहे, नाव नाही. गावाला नावे ठाऊक होती, म्हणून पाटी नावांशिवाय चालली असे म्हणता येईल. पण गावाचे ते ठाऊक असणे दोन-तीन पिढ्यांचे असते. शंभर वर्षांनी पाटी शिल्लक राहते आणि ठाऊक असणारे कोणी राहत नाही.

दुसरीकडे, ज्या कमिशनने युद्धमृतांच्या कबरी आणि स्मारके उभारली, त्याचे तत्त्व समतेचे होते. १९१७ साली स्थापन झालेल्या या इंपीरियल वॉर ग्रेव्ह्‌ज कमिशनने (१९६०पासून कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्‌ज कमिशन) पद, जात, धर्म न पाहता प्रत्येकाचे नाव कबरीवर किंवा स्मारकावर कोरण्याचे ठरवले. फ्रान्समधल्या नव्ह शापेल येथे १९२७ साली उघडलेल्या स्मारकावर ते पाळलेही गेले. तिथे ४७००हून अधिक हिंदी शिपायांची आणि मजुरांची नावे आहेत. पण १९२९ साली बसऱ्याजवळ जे स्मारक उभे राहिले, तिथे गोऱ्या शिपायांची नावे कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांचे मात्र पलटणवार आकडे दिले गेले. म्हणजे गावातल्या पाटीवर आकडा आणि बसऱ्याच्या शिळेवरही आकडाच. एकाच माणसाची दोन स्मारके आणि दोन्हीकडे तो निनावी, हा प्रकार एखाद्या कथाकाराने रचला असता तर आपण त्याला अतिशयोक्तीचा दोष दिला असता.

याची जाहीर कबुली यायला २०२१ साल उजाडावे लागले. कमिशनने नेमलेल्या समितीने त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये अहवाल दिला. हिंदी, आफ्रिकी, इजिप्शियन असे सुमारे ४५ ते ५४ हजार मृत विषम रीतीने स्मरले गेले. शिवाय किमान १ लाख १६ हजार आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसे नावाने, किंवा मुळीच, स्मरली गेली नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. कमिशनने आणि ब्रिटिश सरकारने माफी मागितली. माफीचे मोल काय, हा निराळा प्रश्न आहे. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की बसऱ्याच्या शिळेवर न कोरलेली बरीचशी नावे नोंदवह्यांत होती आणि आता कमिशनच्या संकेतस्थळावर ती कोणालाही पाहता येतात. शोध शक्य झाला आहे.

हा शोध कसा चालतो ते साहित्याच्या विद्यार्थ्याने समजून घेण्यासारखे आहे, कारण तो पाठचिकित्सेच्या फार जवळचा आहे. आरंभ घरातल्या वस्तूपासून होतो. त्या युद्धाची गोल चांदीची पदके शिपायांच्या घरी पोचली होती. पदकाच्या दर्शनी बाजूला राजाचा मुखवटा असतो. कामाचा मजकूर मात्र कडेवर, रुपयाला दाते असतात त्या जागी कोरलेला असतो : शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण, सारे रोमन लिपीत. पदक चांदीचे, म्हणून अडचणीच्या वर्षी सोनाराकडे गेले असेल तर तो धागा तुटतो. शिल्लक असेल तर क्रमांक आणि पलटण मिळते, आणि नावापेक्षा क्रमांक अधिक विश्वासाचा असतो. कारण नावे इंग्रज कारकुनाने कानाला लागली तशी लिहिलेली असतात. ज्या नोंदींत खुद्द ‘मराठा’ हा शब्द मधे एक ‘ह’ घुसवून आणि ‘ट’ला जोड देऊन लिहिला जाई, तिथे भोसले, शिंदे, चव्हाण, कदम यांचे काय होत असेल हे सांगायला नको. आडनाव वगळून नुसते ‘रामा’ किंवा ‘गोविंद’ असेल. गावाचे नाव तालुक्याच्या नावात मिसळलेले असेल. मोडीतल्या शब्दाचे चार वाचनपर्याय मांडून त्यांतला संदर्भाला जुळणारा निवडावा, तसेच इथे रोमन अक्षरांतून मराठी उच्चार परत मिळवावा लागतो. सारख्या नावाचे दोन शिपाई एकाच पलटणीत असले, तर बापाचे नाव, गाव, मृत्यूची तारीख यांवरून त्यांना वेगळे करावे लागते. आपण हस्तलिखितांच्या शाखा जुळवताना करतो, त्याहून हे काम निराळे नाही.

सापडलेली नोंद कोरडी असते : नाव, क्रमांक, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख, स्मारकाचे नाव. काही नोंदींत बापाचे किंवा बायकोचे नाव आणि गाव. पण या कोरडेपणातही दोन गोष्टी अशा आहेत ज्या घराकडे नव्हत्या. पहिली तारीख. लढाईत किंवा शस्त्राने मेलेल्याचे श्राद्ध भाद्रपद वद्य चतुर्दशीला, म्हणजे घातचतुर्दशीला करतात, आणि ज्याची तिथीच ठाऊक नाही त्याचे सर्वपित्री अमावास्येला. बसऱ्याला गेलेला माणूस कित्येक घरांत या सर्वपित्रीच्या गर्दीत सामील झालेला असतो. तारीख हाती आली की पंचांगावरून तिथी काढता येते. अनेकवचनातला पितर पुन्हा एकवचनात येतो. दुसरी गोष्ट बायकोचे नाव. ज्या ओळीत ‘अमुकीचा नवरा’ अशी शिपायाची ओळख दिलेली असते, ती ओळ बहुतेक कुलवृत्तांतांहून उदार म्हटली पाहिजे.

येथवर हकिगत झाली. आता मला जे म्हणायचे आहे ते म्हणतो. अशा शोधाचा शेवट ‘कबरीला भेट’ या प्रसंगात व्हावा, अशी एक अपेक्षा या प्रकारच्या लेखनाने जगभर रुजवली आहे. वारस येतो, दगड सापडतो, डोळे भरून येतात आणि लेख संपतो. खडकीच्या युद्धस्मशानात दुसऱ्या महायुद्धातल्या सोळाशेहून अधिक कबरी आहेत, रांगेने, हिरवळीत, नावांसह. भारतातल्या युरोपीय कबरींची नोंद ठेवण्यासाठी १९७६ साली इंग्लंडमध्ये एक स्वतंत्र संस्थाही स्थापन झाली. नाव, दगड आणि फुले हे तिन्ही ज्यांना मिळते त्यांच्या अनुभवातून हा लेखनप्रकार घडला आहे. आपल्या शिपायांच्या बाबतीत तो जसाच्या तसा उचलता येत नाही. बसऱ्याचे स्मारक १९९७ साली सद्दाम हुसेनच्या हुकुमावरून मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर, वाळवंटात नेऊन ठेवले गेले. तिथे कोणी कष्टाने पोचलाच तरी शिळेवर त्याला आपल्या पणजोबाचे नाव दिसणार नाही. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणाऱ्या यशवंत घाडग्यांचीही गोष्ट याहून फार वेगळी नाही. माणगाव तालुक्यातला हा शिपाई १० जुलै १९४४ रोजी इटलीत तीबर नदीच्या खोऱ्यात पडला. त्याची कबर नाही, कसिनोच्या स्मारकावर नाव तेवढे आहे. ज्या भागात तो पडला, तिथल्या मोंतोने गावाने २०२३ साली त्याच्या स्मरणार्थ सूर्यघटिका बसवली, तीही ७९ वर्षांनी.

मग ‘भेट’ म्हणजे काय? मला वाटते, आपल्या परंपरेतच तिचा दुसरा अर्थ आहे, आणि तो कोरेगाव भीमाच्या स्तंभापाशी सापडतो. १ जानेवारी १८१८च्या लढाईनंतर कंपनी सरकारने तो आपल्या विजयासाठी उभारला. त्यावर मृतांची नावे आहेत. त्यांत ‘नाक’ हा प्रत्यय असलेली, म्हणजे महार शिपायांची, नावे २२ आहेत. ज्या समाजाच्या वंशावळी कोणी ग्रंथात बांधल्या नाहीत, त्याला ही नावे एका परक्या सत्तेच्या दगडावर मिळाली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर, जे स्वतः एका सुभेदाराचे पुत्र होते, तिथे गेले. त्या भेटीने स्तंभाचा अर्थ बदलला. कंपनीचा विजयस्तंभ राहिला बाजूला. तो पूर्वजांचा दगड झाला. त्या २२ जणांचे थेट वंशज कोण, हा प्रश्न तिथे जाणाऱ्यांनी विचारला नाही, आणि विचारण्याची गरजही नव्हती. दगड वाचणारा तो वारस, असा हा व्यवहार आहे. त्या स्तंभाच्या अर्थाविषयी वाद आहेत आणि राहतील. पण वाचनाने स्मारक कसे नव्याने लिहिले जाते याचे याहून ठळक मराठी उदाहरण मला माहीत नाही.

वाचकाने वारस होण्याचे दुसरे उदाहरण आपल्या साहित्यव्यवहारातलेच आहे. डॉ. आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. त्यांचे मूल अर्भकावस्थेतच गेले होते; वंश नाही. त्यांची रक्षा अमेरिकेत कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली, ज्यांना त्या मावशी मानत, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी येथील स्मशानभूमीत, कार्पेंटरांच्या घराण्याच्या जागेत, नावाच्या शिळेखाली ठेवली गेली. सासर आणि माहेर दोन्ही सोडून, मानलेल्या मावशीच्या कुळात या बाईला दगड मिळाला. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले चरित्र, श्री. ज. जोशींची १९६८ची कादंबरी, अंजली कीर्तने यांचे संशोधन या वाटेने मराठी वाचक त्या दगडापर्यंत पोचत राहिले. त्या शिळेशी जाणारा मराठी माणूस रक्ताने तिचा कोणी नसतो. तरीही तो आप्त म्हणून जातो, आणि ते खोटे नसते.

या दोन उदाहरणांवरून असे सुचते, की पूर्वजशोधाला रक्ताच्या नात्यापासून थोडे मोकळे केले पाहिजे. केवळ ‘माझ्या’ पणजोबाचा शोध घेतला तर तो कुलवृत्तांताचीच पुरवणी होतो, आणि त्यात पणजोबाला थोर करण्याचा मोह असतो. मेसोपोटेमियातला शिपाई साम्राज्यासाठी लढला. बहुधा पगारासाठी, दुष्काळामुळे, थोरल्या भावाच्या मागोमाग गेला असेल. त्याला हुतात्मा म्हणणे जितके सोयीचे, तितकेच भाडोत्री म्हणणेही. नोंदीत यांपैकी काहीच नसते. तिथे फक्त एवढे असते की या नावाचा, या गावचा माणूस या दिवशी मेला. उरलेली जागा कल्पिताने भरण्याची आपल्याला घाई असते. ऐतिहासिक कादंबरीचा आपल्याकडचा दबदबा पाहता ती घाई समजण्यासारखी आहे. पण निदान काही काळ ती जागा रिकामी ठेवावी, असे मला आग्रहाने वाटते. ज्याच्याविषयी चारच गोष्टी ठाऊक आहेत त्याच्याविषयी चारच गोष्टी लिहिणे, हा मृताचा मान आहे आणि गद्याची शिस्तही.

त्या चार गोष्टी लिहायच्या मात्र कुठे, याविषयी एक सूचना करतो. इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळच्या टेकडीवर, जिथे इस्पितळात मेलेल्या हिंदू आणि शीख शिपायांचे दहन झाले, तिथे १९२१ साली छत्री उभारली गेली. तिच्यापाशी त्या ५३ जणांची नावे कोरली गेली ती २०१० साली. लाहोरच्या संग्रहालयात पडून राहिलेल्या वह्यांतल्या पंजाबच्या सुमारे ३ लाख २० हजार शिपायांच्या नोंदी २०२१पासून संगणकावर येऊ लागल्या, त्या एका विद्यापीठाच्या आणि वारसा जपणाऱ्या एका संस्थेच्या श्रमांतून. मराठी मुलखातल्या महाविद्यालयांना एवढे मोठे काम झेपणार नाही. पण ज्या गावात आकड्याची पाटी आहे, त्या गावापुरती नावांची यादी करणे एका वर्गाला एका वर्षात जमण्यासारखे आहे. घरोघरच्या पदकांच्या कडा वाचायच्या, कमिशनच्या नोंदी लावायच्या, रोमनमधून नावे मराठीत आणायची, म्हाताऱ्या माणसांकडून ती पडताळायची, आणि ग्रामपंचायतीच्या परवानगीने मूळ पाटीला हात न लावता तिच्या शेजारी दुसरी पाटी लावायची. त्यावर विशेषणे नकोत. नाव, बापाचे नाव, कळले तर आईचे आणि बायकोचेही, पलटण, तारीख, ठिकाण, एवढे पुरे.

एम.ए.च्या प्रकल्पांत दरवर्षी त्याच पाच कादंबऱ्यांतल्या त्याच स्त्रीप्रतिमांचा आढावा घेण्यापेक्षा हे काम कमी साहित्यिक आहे, असे मला वाटत नाही. यात लिपी आहे, पाठ आहे, अर्थनिर्णय आहे, आणि एकही जास्तीचा शब्द न लिहिण्याची परीक्षा आहे. वाळवंटातल्या शिळेपर्यंत आपल्यापैकी बहुतेक जण कधी जाणार नाहीत. गावातल्या पाटीपर्यंत जायला एसटी आहे.